सुनेला वांझ म्हणणाऱ्यांनो!



मी खेड्यांतला शिक्षक. वीस वर्षें शेतकऱ्यांच्या, कुंभारांच्या, सुतारांच्या मुलींना बाराखडी शिकवीत आलों. जी गोष्ट बाया पाणवठ्यावर कुजबुजतात आणि पुरुष पारावर हसण्यावारी नेतात, ती आज उघड बोलणार आहें. कोणास ती अश्लील वाटल्यास त्यानें मला खुशाल शिव्या द्याव्यात. पण आधीं शेवटपर्यंत वाचावें.

माझ्या शाळेंत एक मुलगी होती. हिशेबांत मुलांना मागें टाकी. सतराव्या वर्षीं तिचें लग्न झालें. नवरा शहरांत कामाला, सहा महिन्यांनीं घरीं येई. तीन वर्षें झालीं तरी मूल नाहीं. अंगावरून पांढरें जाई, ओटीपोटांत कळा येत. सासूनें देवऋषी गांठला, अंगारा लावला, कोंबडें कापलें, नवस बोलले. शेवटीं ‘वांझ’ म्हणून पोरीला माहेरीं आणून टाकलें आणि मुलासाठीं दुसरी पाहूं लागले. बापानें तिला तालुक्याला नेलें, तेव्हां उलगडा झाला. नवऱ्याकडून लागलेला परमा वर चढून तिच्या गर्भनळ्या बुजल्या होत्या! नवऱ्याला लघवीला जळजळ झाली, तेव्हां त्यानें गुपचूप गोळ्या आणून खाल्ल्या. बायकोजवळ मात्र चकार शब्द काढला नाहीं. रोग आणला कोणीं आणि वांझ ठरली कोण? त्या लग्नाच्या पंगतीला मीहि जेवलों होतों. म्हणून ह्या पापाचा वांटा माझ्याहि पदरीं आहे.

हें एका घरचें गाऱ्हाणें नव्हे. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनीं दोन खेड्यांतल्या ६५० बायांची तपासणी केली. ती १९८९ सालीं विलायतच्या ‘लॅन्सेट’ साप्ताहिकांत छापून आली. शेंकडा ९२ बायांना अंगाखालचा कोणता ना कोणता आजार निघाला. त्यांतला निम्मा भाग जंतुसंसर्गाचा होता. आणि पूर्वीं कधीं तपासणी झालेल्या बाया किती? शेंकडा ८! बाकीच्यांनीं दुखणें पदराखालीं झांकून रोवणी केली, पाणी वाहिलें, बाळंतपणें काढलीं.

कोणी म्हणतील, “मास्तर, असलें सांगून तुम्ही पोरी बिघडवाल.” अहो, बैलाला लाळ-खुरकत झाली तर तुम्ही गांवभर सांगतां, जनावर वेगळें बांधतां, ढोरांच्या डॉक्टरला बोलावतां. तेथें लाज आडवी येत नाहीं. मग लेकीच्या दुखण्यालाच ती कां आडवी येते? र. धों. कर्वे यांनीं १९२७ सालीं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढून हाच विषय मांडला, तर त्यांना कोर्टांत खेचलें. १९३४ सालीं त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं लढविली. खटला हरला, दंड झाला; पण त्या दंडानें कोणाचा रोग बरा झाला नाहीं!

आतां लाजेची किंमत पहा. २०१९ सालीं सरकारी समितीनें बीड जिल्ह्यांतल्या ऊसतोड बायांची पाहणी केली. ८२,३०९ बायांपैकीं १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या आढळल्या. त्या सगळ्यांनाच संगाचा रोग होता असें मी म्हणत नाहीं. पण पांढरें जातें, पोट दुखतें एवढ्यावर ‘कॅन्सर होईल’ अशी भीति दाखविली गेल्याचें कित्येकींनीं सांगितलें. खाडा झाला तर मजुरी बुडते, म्हणून बाई पिशवी काढून मोकळी होते. पुष्कळदां गोळ्यांनीं बरें होणारें दुखणें, आणि त्यासाठीं कर्ज काढून सुरी!

तेव्हां बंधुभगिनींनो, कांहीं गोष्टी पक्क्या ध्यानांत ठेवा. प्रत्येक पांढरें पाणी म्हणजे गुप्तरोग नव्हे. तपासल्यावांचून बाईला नांवें ठेवूं नका. उलट, परमा बाईच्या अंगांत कांहींएक त्रास न होतां मुरून राहूं शकतो. म्हणून नवऱ्याला रोग निघाला कीं बायकोची तपासणी झालीच पाहिजे. एकट्यानें औषध घेतलें तर रोग पुन्हां एकमेकांकडून लागतो. गरमी पेनिसिलिनच्या इंजेक्शनानें बरी होते. ती राहिली तर पोटांतलें मूल दगावूं शकतें. म्हणून दिवस राहतांच गरमीची आणि एच.आय.व्ही.ची रक्ततपासणी करून घ्या. एच.आय.व्ही. समूळ जात नाहीं, पण सरकारी केंद्रांत फुकट मिळणाऱ्या रोजच्या गोळ्यांनीं माणूस संसार करतो आणि मूलहि वांचवितां येतें. परगांवीं राहणाऱ्या नवऱ्यानें निरोध वापरण्यांत कमीपणा मानूं नये. आणि कोवळ्या पोरीच्या संगानें रोग जातो असें जो भोंदू सांगेल, त्याला सरळ पोलिसांच्या ताब्यांत द्या. रोग जात नाहीं. पोरीचा मात्र जन्म जातो.

देवऋष्याला कोंबडें देणाऱ्या सासूबाईंना माझें एवढेंच सांगणें: सुनेला आरोग्यकेंद्रांत न्या, आणि तिच्यासोबत आपल्या लेकालाहि न्या. तो येत नसेल तर वांझ कोण, ह्याचा विचार आपल्याशींच करा. आणि बापांनो, अठराच्या आंत लेक उजवूं नका. यंदापासून तसल्या लग्नाच्या पंगतीला हा मास्तर जेवणार नाहीं. अक्षता टाकण्याऐवजीं तो तक्रार लिहील.



आपला,
एक खेड्यांतील शिक्षक