एजंट बघून घेईल!

परदेशी सहलीला निघालेल्या माणसाला मी विचारतो, विमा कोणत्या कंपनीचा काढलाय? "ते एजंटकडे आहे." हॉटेल कुठल्या भागात आहे? "एजंटने व्हॉट्सअॅपवर पाठवलंय, बघावं लागेल." तिथे पासपोर्ट हरवला तर कुठे जाल? यावर तो माझ्याकडे अशा नजरेने बघतो, जणू मी त्याच्या शुभकार्याला अपशकुनच केला. कापडाच्या बाजारात मीटरमागे आठ आण्यांसाठी तासभर घासाघीस करणारा हा माणूस परदेशात स्वतःच्या जिवाचा आणि कागदांचा सगळा कारभार दुसऱ्याच्या हाती सोपवून मोकळा होतो. याला लोक भोळेपणा म्हणतात. मी आळस म्हणतो, आणि हा आळस बायकापोरांच्या अंगाशी येतो.

मुंबई-अहमदाबादचा हमरस्ता आणि सुरतेहून बारडोली, नवापूरमार्गे धुळ्याला जाणारा रस्ता जिथे एकमेकांना छेदतात, ते आमचं कडोदरा. आजूबाजूला डाइंग मिल, आणि त्यांत राबणाऱ्यांत, दुकानं थाटणाऱ्यांत आमची खानदेशी माणसं. परदेशी जायचं तर पूर्वी मुंबई गाठावी लागे. २०१९ मध्ये सुरतेहून शारजाचं विमान सुरू झालं. डिसेंबर २०२३ मध्ये विमानतळाला आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, नवी इमारत उभी राहिली, दुबईचं विमान आलं. डिसेंबर २०२४ मध्ये बँकॉकचं आलं. विमान दाराशी आल्याबरोबर परदेश म्हणजे शिर्डी-शनिशिंगणापूर असा समज पसरला. गाडी ठरवली, फराळाचे डबे भरले, झाली तयारी.

तयारी कागदापासून सुरू होते, आणि आम्हा सुरतेकडच्या मराठी माणसांचा कागद पहिल्यापासून वाकडा असतो. नंदुरबारच्या शाळेच्या दाखल्यावर 'मंगला'. लग्न होऊन इकडे आली, आधार काढताना समोरच्या ऑपरेटरने सवयीने 'मंगलाबेन' टाइप केलं. पॅनकार्डवर माहेरचं आडनाव, बँकेच्या पासबुकात स्पेलिंग तिसरंच. पुरुषांच्या नावामागे 'भाई' असाच चिकटतो. घरात याचं कुणालाच काही वाटत नाही. मग पासपोर्ट निघतो दाखल्याप्रमाणे, एजंट तिकीट काढतो आधारप्रमाणे, आणि काउंटरवरची मुलगी दोन्ही नावं शेजारी धरून मान हलवते. मागे रांग, नवरा लालबुंद, एजंटचा फोन बंद. माझ्या शेजारच्या एका बाईंवर ही वेळ आली. त्यांचं विमान गेलं, पैसे गेले, आणि वर घरच्यांनी त्यांनाच बोल लावला. पासपोर्टवर आडनावाची जागा कोरी असेल, तर पर्यटक व्हिसावर प्रवेश नाही, असा नियम संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्येच काढला. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून निदान सहा महिने शिल्लक असावी, हे तर शाळकरी पोराला समजेल. तरी लोक आदल्या आठवड्यात पासपोर्ट उघडतात.

कागदानंतर सामान. आमच्या बायका दुबईतल्या लेकासाठी काळा मसाला नेतात. त्यात खसखस असते, आणि अमिरातीत खसखस अमली पदार्थांच्या यादीत आहे. कोडीन घातलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या पूर्वपरवानगीशिवाय नेता येत नाहीत. डॉक्टरची चिठ्ठी, औषधाचं मूळ पाकीट, आणि आधी घेतलेली परवानगी, एवढं हवं. आमच्याकडे गोळ्या प्लास्टिकच्या पिशवीत एकत्र ओतून नेतात. सिंगापूरला तंबाखू-गुटख्याची पुडी खिशात सापडली तरी गुन्हा. खिशात पुडी नसलेला मिल कामगार मला दाखवा.

दुसऱ्याचं पार्सल नेणं हा तर सरळ आत्मघात आहे. २०१९ मध्ये मुंबईचं एक तरुण जोडपं मधुचंद्रासाठी कतारला गेलं. सहल भेट दिली होती नात्यातल्याच बाईने, आणि सोबत एक पाकीट दिलं होतं, जर्दा आहे म्हणून. दोहाच्या विमानतळावर त्यातून चार किलोच्या आसपास चरस निघालं. दोघांना दहा दहा वर्षांची शिक्षा झाली. बायको गरोदर होती, बाळ तुरुंगात जन्मलं. इथल्या यंत्रणांनी खरा सूत्रधार शोधला, तिथल्या न्यायालयाने २०२१ मध्ये दोघांना निर्दोष सोडलं, तेव्हा कुठे तिघं घरी आली. "अहो, आत्यानेच दिलंय, नाही कसं म्हणायचं?" असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला ही हकीगत ऐकवा. नाही म्हणायचं. आत्या रुसली तर रुसू द्या.

आता बँकॉक. थायलंडने भारतीयांना व्हिसा माफ केला, पण १ मे २०२५ पासून पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं. ते सरकारी संकेतस्थळावर फुकट आहे. त्याचे पैसे उकळणारे एजंट आमच्याच वस्तीत बसतात, आणि आम्ही देतो. फुकेत-पट्टायात लोक भाड्याची स्कूटर घेतात. आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढलेला नसतो, हेल्मेट नसतं, वर बियर प्यायलेली असते. अपघात झाला की विमा कंपनी हात वर करते, कारण परवान्याशिवाय आणि नशेत झालेल्या अपघाताला पॉलिसी लागूच होत नाही. हे पॉलिसीत लिहिलेलं असतं. पॉलिसी वाचली कुणी?

सुरत-बँकॉक विमान सुरू झालं तेव्हा विमानातल्या मद्यपानाची चित्रफीत देशभर फिरली, दारू संपल्याची बातमी झाली. बातमीत किती तथ्य होतं यावर वाद झाला, पण ती चित्रफीत अभिमानाने पुढे ढकलणाऱ्यांची मला चीड आली. दारूबंदीच्या राज्यात वर्षभर दबून राहिलेला माणूस विमानात बसल्याबरोबर सुटतो, आणि उतरल्यावर तिथल्या मुलींकडे बाजारातला माल बघावा तसा बघतो. पुरुषांचे जथे पट्टायाला कशासाठी जातात हे गल्लीत सर्वांना ठाऊक असतं, एजंटची जाहिरातही डोळा मारूनच केलेली असते. थायलंडमध्ये वेश्याव्यवसायाविरुद्ध १९९६ चा कायदा आहे. आणि कायदा नसता तरी समोरची कुणाची तरी लेक आहे, हे सांगावं लागतंय याची मला लाज वाटते.

प्राण्यांशी आणि समुद्राशीही आपण तसेच वागतो. २०१६ मध्ये थायलंडच्या प्रसिद्ध व्याघ्रमंदिरावर छापा पडला, फ्रीझरमध्ये वाघाच्या चाळीस पिल्लांची कलेवरं सापडली. त्याच वाघांसोबत फोटो काढायला जग रांग लावत होतं. रोज हजारो माणसं आणि त्यांच्या होड्या येऊन तिथल्याच माया बे या किनाऱ्यावरचं प्रवाळ मेलं, म्हणून तो २०१८ ते २०२२ बंद ठेवावा लागला. आता होड्या थेट किनाऱ्याला लावू देत नाहीत. फोटो काढून परतणाऱ्या आपल्या माणसाला त्या बंदीचं कारण ठाऊक नसतं.

आणि सहलीच्या नावाखाली नोकरी विकणाऱ्यांचं काय? 'फिरायला म्हणून जा, तिकडे काम लावून देतो' या वाक्यावर विश्वास ठेवून मुलं बँकॉकला उतरली आणि सीमेपलीकडे म्यानमारच्या म्यावड्डीत सायबर फसवणुकीच्या तळांवर कोंडली गेली. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी ५४९ भारतीयांना परत आणलं. सहलीच्या व्हिसावर नोकरी देऊ म्हणणारा एजंट चोर आहे. त्याला दारातूनच हाकला.

मी एजंटांच्या पोटावर पाय द्यायला निघालेलो नाही. चांगले एजंट आहेत, ते कागद पुन्हा पुन्हा तपासायला लावतात. माझं म्हणणं एवढंच की पैसे देण्याआधी एजंटकडून लेखी घ्या. विमा किती रकमेचा, त्यात काय बसत नाही, हॉटेलचा पत्ता आणि फोन, रद्द केल्यास किती कापणार, तिकिटावरचं नाव पासपोर्टप्रमाणे आहे की नाही, सगळं एका कागदावर, सही-शिक्क्यासह. त्या कागदावर आपल्या दूतावासाचा आपत्कालीन फोन तुमच्या हाताने लिहा आणि एक प्रत घरी ठेवा. एजंट लिहून द्यायला तयार नसेल आणि तुम्ही आगाऊ पैसे देऊन बसला असाल, तर ते परत मागा, आणि दिवाळीच्या आधी मागा. नंतर लाभपाचमीपर्यंत त्याचं शटर बंद असतं.