खांब उंच दिसला म्हणून भाव वाढत नाही!



भावाचे रंगीत आलेख मोबाइलवर सारखे येतात. ते नुसते पाहून माल विकायचा की ठेवायचा, हे ठरवू नका. आधी आकडे वाचा.

सोयाबीनचंच घ्या. हमीभाव २०२४-२५ ला क्विंटलला ४,८९२ रुपये होता, २०२५-२६ ला ५,३२८ झाला. वाढ ४३६ रुपये, म्हणजे साधारण ९ टक्के. पण आलेखाची पट्टी शून्याऐवजी ४,८०० पासून सुरू केली, तर दुसरा खांब पहिल्याच्या पाचपटीहून उंच दिसतो. आकडे खरे, चित्र फसवं!

तीन गोष्टी तपासा:

१) खांब शून्यापासून सुरू आहेत का? नसतील तर दोन्ही आकड्यांची वजाबाकी करा आणि खरा फरक बघा.

२) दर कोणता? बाजार समितीत किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. कमाल दर थोड्याच मालाला मिळतो. हिशेब सर्वसाधारण दरावर करा.

३) काळ किती? आठ दिवसांची तेजी दाखवून तीन महिन्यांची मंदी झाकता येते.

आमचं स्पष्ट मत: बाजार समितीचं नाव, तारीख, आवक आणि आकडे नसलेला आलेख पुढे पाठवूच नका. तो आपल्या कंपनीकडून आला असला तरी आधी आकडे मागा. चुकीच्या चित्रावर माल थांबवला तर कर्जाचं व्याज आपल्यालाच भरावं लागतं. चित्र काढणाऱ्याचं काय जातं?