घाटी कोणाला म्हणता?

मे महिन्याची दुपार. कार्ले फाट्यावर करवंदांच्या पाट्या मांडून बायका बसलेल्या. एक भलीमोठी गाडी थांबली, काच अर्धी खाली आली आणि आतल्या बाईंनी पळसाच्या द्रोणाचा भाव विचारला. "ईस रुपये. पानी मारून ठिवल्यात, ताजी हाईत," विकणारी म्हणाली. गाडीत हशा पिकला. मागे बसलेल्या पोराने "पानी, पानी" अशी नक्कल केली, तेव्हा बाईंनी त्याला प्रेमाने दटावले, "असं नाही हं बोलायचं. घाटी लोक बोलतात तसं." काच वर गेली, गाडी गेली. असल्या गाड्या आम्ही रोज पाहतो, आणि एवढ्यासाठी अग्रलेख खर्ची घातला नसता. पण पाटीमागे त्या विकणारीचा मुलगा बसला होता, सहावी-सातवीतला. तो आईजवळ सरकला आणि खाली मान घालून दबक्या आवाजात म्हणाला, "आये, पाणी म्हण ना."

पोटच्या पोराला आईच्या जिभेची लाज वाटावी, हा पराक्रम कोणाचा? घाला तो पदक म्हणून छातीवर!

घाटी म्हणजे घाटावरचा. कोणता घाट? हाच, तुमच्या-आमच्या पायाखालचा बोरघाट. 1856 ते 1863 या वर्षांत हजारो मजुरांनी ऊन, पाऊस आणि पटकी अंगावर घेत याचा कातळ फोडला, म्हणून मुंबईची आगगाडी पुण्याकडे चढली. याच घाटावरून उतरलेल्या माणसांनी मुंबईच्या गोदीत पोती वाहिली, गिरण्यांत साचे चालवले. मोबदल्यात मुंबईने त्यांना एक शब्द दिला. आधी तो नुसता पत्ता होता, पुढे त्याची शिवी झाली. आणि आता ती शिवी तोंडात घोळवणारेच दर शनिवारी खालापूरच्या टोलनाक्यावर तास-तास रांगेत उभे राहतात. कशासाठी? घाटावरची हवा खायला! हवा घाटाची चालते, पाऊस घाटाचा चालतो, इंद्रायणी तांदळाचा भात तर बोटे चाटून चालतो. ज्याने चिखलात वाकून तो भात लावला, तो माणूस तेवढा तोंड उघडताच गावंढळ ठरतो. अशांना 'भात लावणी' म्हटले तरी हसू येते, कारण लावणी म्हटल्यावर त्यांना एकच गोष्ट आठवते. मग सांगा, घाण कोणाच्या डोक्यात आहे?

आता त्या 'पानी'चा निकाल लावू. संस्कृतात शब्द आहे पानीय, त्यात दंत्य न. प्राकृतात त्याचे पाणिअ झाले आणि मराठीत पाणी उरले. म्हणजे तुम्ही ज्याला शुद्ध म्हणता तो ण हाच मुळात अपभ्रंश, आणि करवंदवालीचा न हा पानीयाच्या अधिक जवळचा. जुने तेवढे शुद्ध, असा कायदा करणार असाल तर गाडीतल्या बाईंना पाटीपाशी बसून उच्चार शिकावे लागतील. ताटातले लोणीदेखील टाकून द्या, कारण ते नवनीताचे पार झिजलेले रूप आहे. आणि अपभ्रंशाची एवढीच शिसारी असेल तर आधी या तालुक्याचे नाव बदला. कार्ल्याच्या लेण्यातल्या लेखात याचे नाव 'मामाल' आहे. लोकांच्या तोंडी झिजून त्याचे मावळ झाले.

ते कार्ल्याचे लेख तरी कोणत्या भाषेत आहेत? प्राकृतात. संस्कृत नाटककारांनी जी भाषा बायका आणि नोकरचाकरांच्या तोंडी घातली, त्या भाषेत. देशातला सर्वांत मोठा कोरीव चैत्य उभा राहिला तेव्हा धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने त्याचे दार केले आणि तसे तिथे लिहवून घेतले. सुमारे दोन हजार वर्षे ते अक्षर टिकले आहे. 'आधी तुझे व्याकरण सुधार' असे त्या सुताराला कोणी म्हटल्याची नोंद तिथे नाही.

आणि जी इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याला उगम पावते, तीच पुढे देहूच्या डोहाला जाते. तुकोबांच्या वह्या त्या डोहात बुडवायला लावल्या, असे परंपरा सांगते. अपराध काय, तर शूद्राने प्राकृतात वेदांचा अर्थ बोलावा! आमच्याच तालुक्यातल्या भंडारा डोंगरावर बसून तुकोबा चिंतन करीत. त्यांच्या गाथेत दांभिकाला जे शब्द आहेत, ते आज एखाद्या बंगल्याच्या दिवाणखान्यात मोठ्याने म्हणून दाखवा. यजमानीण मुलांना आतल्या खोलीत पाठवील. आपण मात्र गाथेला मखमली बासनात गुंडाळतो आणि गाथेच्या भाषेत बोलणाऱ्याला फाटकाबाहेर उभा करतो.

साहित्यरसिकांचीही गंमत पाहा. तळेगाव दाभाड्याला राहिलेल्या गोनीदांनी 'पवनाकाठचा धोंडी' या कादंबरीत इथल्या माणसाला त्याच्या बोलीसकट उभे केले, तेव्हा रसिकांच्या डोळ्यांत पाणी आले. (पाणीच, ण घालून.) तोच धोंडी आज पवना धरणाकाठच्या बंगल्यावर राखणदार आहे. कित्येक ठिकाणी बंगल्याखालची जमीन एकेकाळी त्याच्याच बापाची होती. तो "आवं सायेब, लाईट ग्येली" म्हणाला की रसिक नाक मुरडतो. पुस्तकातली बोली अस्सल आणि फाटकावरची अडाणी, असा हा व्यवहार!

आणि असभ्यपणाचेच मोजमाप करायचे असेल तर होऊन जाऊ द्या. टायगर पॉइंटवर सुशिक्षित पोरेपोरी दर वाक्याला इंग्रजी शिवी हासडतात, ती 'कूल'. आमचा म्हातारा चिखलात रुतलेल्या बैलाला "आयला" म्हणाला की लगेच संस्कृती बुडाली. संडास हा शब्द ओंगळ आणि वॉशरूम सुगंधी; जणू आत गेल्यावर काही निराळे घडते! चैत्रात आगरी-कोळी भाविक एकवीरेला वाजतगाजत, नाचत चढतात, तो धांगडधिंगा. आणि तुंगार्लीच्या बंगल्यात पोहण्याच्या तलावाकाठी पहाटे तीनपर्यंत स्पीकर ठणाणतो, ती 'वीकेंड पार्टी'. भूशी धरणाच्या पायऱ्यांवर लोकलने आलेला कामगार ओल्या कपड्यांत भजी खातो, ती 'चीप पब्लिक'. भजी तीच, पाऊसही तोच. फरक फक्त खिशातल्या पैशाचा आहे, आणि त्यालाच तुम्ही अभिरुची म्हणता.

गुरुजी, तुम्हीही सुटत नाही. साहित्य महामंडळाचे 1962 चे नियम लेखनाचे आहेत. वहीत पाणी लिहायला जरूर शिकवा, ते तुमचे कामच आहे. पण वर्गात "पानी" म्हणणाऱ्या पोराला उभे करून चाळीस पोरांना त्याच्यावर हसवण्याचा अधिकार कोणत्या कलमात सापडला? कार्ले फाट्यावर खाली गेलेली ती मान आधी वर्गात खाली गेली असणार. आणि आमचेही हात स्वच्छ नाहीत. शेतकऱ्याच्या तोंडचे वाक्य छापताना ते गुपचूप 'शुद्ध' करण्याची खोड या कचेरीतही आहे. आजपासून ती बंद. एखाद्या वाचकाला वाचायला जड गेले तर त्याने मोठ्याने वाचावे, कळेल.

त्या दुपारी पाटीत चार द्रोण उरले होते. ते आम्ही घेतले. सुटे पैसे परत देताना मुलगा इंग्रजीत "थँक्यू" म्हणाला. आई काहीच बोलली नाही. मघापासून ती गिऱ्हाइकांशी बोटांनीच भाव करीत होती.