राख किती, तेही विचारा



शेतीतल्या टाकाऊ मालापासून इंधन हा विषय आता भाषणापुरता राहिलेला नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने कोळशावरील वीजकेंद्रांसाठी ५ टक्के जैवइंधन मिसळण्याचे धोरण आणले. आपला पेंढा, तूस, करवंट्या, काजूची टरफले यांचेही पैसे व्हावेत, असे पेडणे-डिचोलीच्या शेतकऱ्याला वाटले तर ते योग्यच आहे. पण हा सगळा माल एकाच मापाने मोजू नये, असे माझे मत आहे. त्यात राख किती आणि कसली, हे आधी पाहावे.

झाडे मुळांवाटे जमिनीतली खनिजे घेतात. ती जळत नाहीत, राख होऊन उरतात. करवंटीत ती जेमतेम एक टक्का असतात. भाताच्या तुसात १५ ते २० टक्के, आणि त्यातली बहुतेक सिलिका, म्हणजे वाळूचेच द्रव्य. तुसाच्या राखेने भांडी लख्ख निघत, ती त्यामुळेच.

इंधन सुधारण्यासाठी असा माल अगदी कमी हवेत २०० ते ३०० अंश सेल्सिअसला भाजतात. ओलावा जातो, माल ठिसूळ होतो, साठवणीत लवकर कुजत नाही. खनिजे मात्र तिथेच राहतात. १०० किलो तुसात १८ किलो राख धरली आणि भाजून ७५ किलो माल उरला, तर राखेचे प्रमाण १८ वरून २४ टक्क्यांवर जाते!

पेंढ्याची अडचण निराळी. त्यात सिलिकेबरोबर पोटॅशियम आणि क्लोरीनही असते. शुद्ध सिलिका वितळायला सुमारे १,७०० अंश लागतात. पोटॅशियमच्या संगतीने ती आठशेच्या आतही वितळू लागते. मग भट्टीत काचेसारखी ढेकळे जमतात. क्लोरीनमुळे बॉयलरच्या नळ्या गंजतात. खाजणातल्या खाऱ्या जमिनीवरचा पेंढा तर तपासल्याशिवाय घेऊच नये.

यावर साधा उपाय पाण्याचा. हे क्षार पाण्यात बऱ्याच अंशी विरघळतात. कापणीनंतर पावसात भिजलेला पेंढा गुरांना नकोसा होतो, पण नीट वाळवला तर इंधनाला तोच अधिक बरा.

म्हणून करवंट्या इंधनाला द्याव्यात; काजूच्या टरफलांतले दाहक तेल आधी काढून घ्यावे. तूस जवळच्या भातगिरणीच्या भट्टीतच वापरावा, म्हणजे राखेचे ओझे दूरवर वाहावे लागणार नाही. चांगला पेंढा गुरांचा आणि शेताचा. पणजीहून एखादी योजना आली किंवा यंत्र विकणारा दारी आला, तर उष्णतेच्या आकड्याबरोबर राखेचाही आकडा मागावा.

आपल्या प्रयोगशाळेत याची सुरुवात करता येईल. चारही वस्तू वाळवून सारख्या वजनाने घ्याव्यात, शिक्षकांच्या देखरेखीखाली पूर्ण जाळाव्यात आणि उरलेली राख तोलावी. आकडे फलकावर लावले, तर पालकसभेला येणाऱ्या शेतकऱ्यांनाही ते उपयोगी पडतील.