आरंभीची शिल्लक

पौषातल्या एखाद्या पहाटे चंद्रपुरात गच्चीवर उभे राहावे. खालच्या वस्तीतल्या कोळशाच्या शेगड्यांचा धूर थोडा वर चढतो आणि छताला टेकल्यासारखा आडवा पसरतो. धुके पडले आहे असे म्हणून आपण मफलर गुंडाळतो. पण ते सगळे धुके नसते.

यातले शास्त्र सोपे आहे. थंडीच्या रात्री जमीन लवकर गार होते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर बसतो. हंडीवर झाकण ठेवावे तसे. मग वाऱ्याअभावी धूर, राख, रस्त्याची धूळ सारे खालीच कोंडून राहते. चैत्र-वैशाखात हे झाकण दिवसा उडते, पण सुकलेल्या मातीची धूळ उठते. पावसाळ्यात हवा धुऊन निघते आणि आपण सारे विसरतो.

चंद्रपूरला विसरणे परवडलेले नाही. भोवती कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने आणि २,९२० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र. आपल्याकडच्या शंभर किलो कोळशातून तीस-चाळीस किलो राख उरते, एवढे सांगितले तरी पुरे. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले, तेव्हा अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबादनंतर चौथा क्रमांक चंद्रपूरचा लागला. गुण होते ८३.८८. परीक्षेत मिळाले असते तर पेढे वाटले असते.

हे आज आठवायचे कारण मुलचेरा. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बँकेच्या कामासाठी मी त्या भागात पुष्कळ हिंडलो. आष्टीला वैनगंगा ओलांडली की जंगल सुरू व्हायचे. तिथली हवा अगदी निर्मळ होती असे मी म्हणणार नाही. घरोघरी चुलीचा धूर होता आणि मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा पेटवला जाई, त्याचे वणवे होत. पण तो धूर त्या ऋतूबरोबर येई आणि जाई.

आता त्याच भागातून लोहखनिज चालले आहे. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरावरचे खोदकाम २०२१ पासून जोमाने सुरू झाले. २०२३ मध्ये वर्षाला एक कोटी टन खनिज काढण्याची परवानगी मिळाली. आष्टीजवळच्या कोनसरीत लोखंडाचा कारखाना उभा राहिला.

मागच्या हिवाळ्यात मुलचेऱ्याकडे एका जुन्या ओळखीच्या घरी उतरलो. घर रस्त्याच्या कडेला. बाई परसातला सांभार खुडून तीनदा धूत होत्या. मी काही विचारण्याआधीच म्हणाल्या, "साहेब, धूळबी गाड्यांचीच अन् पोटबी गाड्यांवरच." त्यांचा मुलगा खनिजाच्या गाडीवर चालक आहे. पगार वेळेवर येतो, घरावर स्लॅब पडला आहे. नातू मात्र रात्री खोकतो.

या बाईंना "खाण बंद करा" असे सांगायला माझी जीभ रेटत नाही, आणि "विकास म्हटला की एवढे चालायचेच" असे म्हणायला तर मुळीच रेटत नाही. मला माझ्या जुन्या धंद्यातली एक गोष्ट तेवढी ठाऊक आहे. आरंभीची शिल्लक लिहिलेली नसेल, तर वर्षअखेरीला कोणताही हिशेब जुळत नाही.

प्रकल्पांच्या अहवालांत हवेचे आकडे असतात, हे खरे. पण ती मोजणी बहुधा एकाच ऋतूची असते आणि जाड बाडात बंद राहते. जी हवा पौषात एक आणि श्रावणात दुसरी, तिचा हिशेब एका ऋतूवर कसा मांडायचा? २०२५ मध्ये खनिज नळातून कोनसरीला नेण्याची सोय झाली. रस्त्यावरची धूळ त्याने कमी व्हायला हवी. पण किती कमी झाली हे सांगायला आधीचा आकडा हवा, आणि तो रस्त्याकडेच्या गावातला हवा.

म्हणून लगाम, आष्टी, कोनसरीसारख्या गावांत, शाळेच्या आवारात, तिन्ही ऋतूंत हवा मोजली जावी. फुप्फुसात खोलवर जाणाऱ्या सूक्ष्म कणांची आपल्याकडची मर्यादा चोवीस तासांसाठी घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून १५ म्हणते. हे दोन आकडे आणि तिसरा गावचा आकडा रोज सकाळी शाळेच्या फळ्यावर लिहावा. सुविचाराच्या खाली जागा असते. मुले तो घरी सांगतील आणि घरची माणसे ग्रामसभेत विचारतील. ताडपत्री, पाणी मारणे, वस्तीबाहेरून रस्ता या मागण्यांना मग कागदाचा आधार राहील.

चंद्रपूरने आपला हिशेब लिहायला घेतला, तेव्हा अर्धी वही भरून गेली होती. मुलचेऱ्याच्या वहीचे पहिले पान अजून उलटायचे आहे. निघताना त्या बाईंनी मला सांभाराची जुडी दिली. घरी येऊन मीही ती तीनदाच धुतली.