जोखीम कुणाच्या खात्यावर?

पावसाळ्याच्या तोंडावर नालेसफाईची टक्केवारी जाहीर व्हावी, पहिल्याच मोठ्या पावसात ती वाहून जावी आणि पुढे 'अभूतपूर्व पाऊस' या दोन शब्दांत साऱ्या प्रकरणाचा निकाल लागावा, हा परिपाठ आपल्या शहरांच्या आता अंगवळणी पडला आहे. हवामान बदलाच्या चर्चेने त्याला एक भारदस्त निमित्त मिळवून दिले आहे. पृथ्वीच तापत असेल, तर स्थानिक कारभाऱ्यांना जाब कसला विचारायचा? हा युक्तिवाद सोयीचा असला तरी अर्धसत्य आहे, आणि पुण्यासारख्या झपाट्याने वाढणाऱ्या शहराला या अर्धसत्याची किंमत फार मोठी पडते.

त्यातील खरा भाग आधी मान्य केला पाहिजे. हवेचे तापमान एक अंशाने वाढले की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. पुण्यातच पाषाण येथे असलेल्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. पाऊस बदलतो आहे, याविषयी आता वाद उरलेला नाही.

परंतु धोका आणि जोखीम या दोन गोष्टी एक नव्हेत. धोका आभाळातून येतो. जोखीम जमिनीवर तयार होते. ओसाड माळावर कितीही पाऊस कोसळला तरी त्याची बातमी होत नाही. तोच पाऊस ओढ्याच्या पात्रात उभ्या राहिलेल्या वस्तीवर पडला की माणसे मरतात. २००१ च्या जनगणनेत सुमारे २५ लाख असलेली पुणे महापालिका क्षेत्राची लोकसंख्या २०११ मध्ये ३१ लाखांवर गेली. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे हद्दीत आली. त्यांपैकी दोन पुढे वगळली गेली. जी शेते पाणी पोटात घेत होती तेथे आता सिमेंट आहे, आणि सिमेंटला पाणी पिता येत नाही. ते ओढ्याकडे धावते, आणि ओढा तर आपण आधीच अरुंद करून ठेवलेला असतो.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने हेच दाखवून दिले. पुणे परिसरात त्या पावसाने वीसहून अधिक बळी घेतले. ओढ्याकाठच्या सहकारनगर, अरण्येश्वर परिसराला मोठा तडाखा बसला. १९६१ च्या पानशेत पुरात घरे गमावलेल्यांच्या वसाहती ज्या भागांत उभ्या राहिल्या, त्यांत सहकारनगरही होते. नदीच्या पुरातून सुटलेल्यांच्या पुढच्या पिढ्यांना ओढ्याच्या पुराने गाठावे, यात केवळ निसर्गाचा दोष कसा मानावा?

या जोखमीचे मोजमाप होत नाही असे नाही. नद्यांच्या काठी पूररेषा आखल्या जातात. पंचवीस वर्षांतून सरासरी एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. 'शंभर वर्षांतून एकदा' म्हटले की आपल्या हयातीत चिंता नको, असे सामान्य माणसाला वाटते. गणित निराळे आहे. त्या पुराची शक्यता दर वर्षी १ टक्का असते; तीस वर्षांत तो एकदा तरी येण्याची शक्यता २६ टक्के होते. निळ्या रेषेवरील घरासाठी वीस वर्षांचे कर्ज काढणाऱ्याला हप्ते फिटण्यापूर्वी पूर पाहावा लागण्याची शक्यता ५६ टक्के आहे. शिवाय हे आकडे भूतकाळातील पावसाच्या नोंदींवर बेतलेले. पाऊसच बदलला तर ही आकडेवारी आशावादी ठरेल.

याहून गंभीर प्रश्न मोजण्याच्या मापाचा आहे. नुकसान रुपयांत मोजण्याची आपली रीत आहे. रुपयांच्या तागडीत तळघरात बुडालेल्या चार मोटारी एका झोपडीहून कितीतरी जड भरतात. साहजिकच संरक्षक भिंत मोटारींच्या बाजूने बांधणे 'किफायतशीर' ठरते. जून २०१९ मध्ये कोंढव्यात भिंत कोसळून पंधरा जण मृत्युमुखी पडले. ते मजूर व त्यांचे कुटुंबीय होते. जुलै २०२४ च्या पुरात पुलाची वाडी येथे अंडाभुर्जीची हातगाडी पाण्यातून हलवताना विजेचा धक्का बसून तिघे दगावले. त्या गाडीची बाजारातील किंमत ती काय असेल! पण तीच त्यांची रोजीरोटी होती. ज्याच्याजवळ गमावण्यासारखे थोडे असते, त्याचे थोडे गेले तरी सर्वस्व जाते. हे ज्या मोजमापात दिसत नाही, ते शास्त्रीय असले तरी न्याय्य नव्हे.

खाजगी लाभ आणि सामाजिक खर्च यांतील अंतर हा अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवला जाणारा विषय. ओढ्यावर इमारत उठवणारा सदनिका विकून मोकळा होतो; पुढचा हिशेब राहणाऱ्याच्या, ओढ्याच्या खालच्या अंगाच्या वस्तीच्या आणि करदात्याच्या खात्यावर पडतो. यावर आक्षेप असा घेतला जाईल की, बांधकामांवर बंधने आणली तर घरे महागतील आणि त्याची झळ गरिबांनाच बसेल. आक्षेप रास्त आहे. परंतु स्वस्त घराची उरलेली किंमत पुराच्या रात्री वसूल होणार असेल, तर ते घर स्वस्त कसले? सुरक्षित जागी परवडणारी घरे उभारणे हाच पूरनियंत्रणाचा भाग मानला पाहिजे.

प्रस्तुत लेखकाच्या मते तीन गोष्टी तातडीच्या आहेत. प्रत्येक ओढ्याच्या पाणलोटाचा विचार झाल्यावाचून त्या भागातील बांधकामाला परवानगी मिळू नये. घराच्या खरेदीखतावर ते पूररेषेच्या आत की बाहेर, हे स्वच्छ मराठीत लिहिलेले असावे. आणि नुकसानीचा प्रभागवार हिशेब रुपयांबरोबरच बुडालेले रोज, बंद पडलेल्या शाळा व गेलेले जीव यांतही मांडला जावा, तोही अंदाजपत्रकापूर्वी.

यांपैकी कशासाठीही पृथ्वीचे तापमान उतरण्याची वाट पाहावी लागत नाही. आभाळावर आपली सत्ता चालत नाही, हे खरे. पण नकाशा, परवाना आणि अंदाजपत्रक हे तिन्ही कागद माणसांच्याच सहीने निघतात. त्या सह्यांचा जाब पूर ओसरल्यावर नव्हे, तर सही होण्यापूर्वी विचारला गेला पाहिजे.