बेस हवा, पण शब्द बुडता कामा नये

हेडफोनसारख्या चैनीच्या वस्तूवर या सदरात लिहिण्याचे कारण काय, असे काही वडीलधारे विचारतील. कारण असे की, ही वस्तू आता चैनीची राहिलेली नाही. दहा बाय बाराच्या खोलीत एका बाजूला टीव्ही, दुसऱ्या बाजूला शिवणयंत्र आणि मधे बारावीचा अभ्यास, अशी आपली घरे. २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाईलवर भरली, तेव्हा कानातली ती जोडी हीच कित्येक मुलामुलींची अभ्यासाची खोली झाली. घामाचे पैसे त्यावर जाणारच असतील तर ते नीट जावेत, एवढ्यासाठी हा लेख.

दुकानात गेल्यावर आपल्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'बेस किती आहे?' प्रश्न चुकीचा नाही. ढोलकीच्या तालावर वाढलेला आपला समाज, त्याला ठोका हवाच. पण बेस म्हणजे काय ते समजून घ्यावे. आवाजाची जी खालची, जाड बाजू, साधारण २५० हर्ट्झच्या खालची, तिला बेस म्हणतात. ढोलकीची धुम तिथे असते. गायकाच्या तोंडचे शब्द ज्यामुळे स्पष्ट कळतात ते स, श, त, क असे उच्चार मात्र बरेच वर, दोन-चार हजार हर्ट्झच्या आसपास असतात. बेस प्रमाणाबाहेर फुगवला की तो वरच्या बारीक आवाजांना झाकून टाकतो. ठोका राहतो, शब्द बुडतो. इतर गाण्यांत एखादे वेळी ते चालेल. भीमगीतात शब्दच गेला तर उरले काय? वामनदादा कर्डकांनी (१९२२–२००४) गावोगाव फिरून जे पोहोचवले ते शब्दच होते.

दुसरी गोष्ट. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत छातीत जो दणका बसतो तो हेडफोनमधून कधीच मिळणार नाही. तो मोठ्या स्पीकरने हलवलेल्या हवेचा, अंगाला लागणारा धक्का असतो. (डीजेविषयी आमचे मत वाचकांना ठाऊक आहे, ते येथे पुन्हा उगाळत नाही.) हेडफोन फक्त कानाशी बोलतो. हे न कळल्यामुळे पोरे तो दणका शोधत आवाज वाढवत राहतात.

आता खरेदीकडे वळू. खोक्यावर '२० ते २०,००० हर्ट्झ' असे छापलेले असते. जवळजवळ सर्वच खोक्यांवर असते, त्यावरून काही ठरवू नये. 'ड्रायव्हर ४० मिलिमीटरचा' हेही तसेच. पडदा मोठा म्हणून आवाज चांगला असे नाही. 'ओहम'चा आकडा मात्र पाहावा. मोबाईलला १६ ते ३२ ओहमची जोडी सहज चालते. २५० ओहमची स्टुडिओतली जोडी मोबाईलवर पुरेशी वाजत नाही, तिला वेगळा अँप्लिफायर लागतो.

बेसचे खरे गुपित खोक्यावर छापलेले नसते. ते कानाच्या भोकाशी असते. कानात घालायच्या इअरफोनबरोबर लहान, मध्यम, मोठी अशी रबरी टोपणे मिळतात. बहुतेक जण आधीपासून बसवलेलेच टोपण वापरतात आणि उरलेली खोक्यात राहतात. टोपण सैल बसले की फटीतून पहिला निसटतो तो बेस. तेव्हा 'माल फालतू आहे' म्हणण्याआधी टोपणे बदलून पाहावीत. दोन कानांना दोन मापेही लागतात. कानावरून बसणाऱ्या मोठ्या हेडफोनला हाच नियम. चष्म्याच्या काडीमुळे गादी नीट टेकत नसेल तर बेस कमी लागणारच.

शक्य असेल तर ऐकून घ्यावे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला काही दुकानदार ऐकू देतात. आपल्या मोबाईलमधले, तोंडपाठ असलेले गाणे लावावे, आवाज निम्म्यावर ठेवावा. ढोलकीचा ठोका पडून लगेच थांबतो का, की घुमत राहतो? घुमत राहिला तर तो बेस नव्हे, नुसता गोंधळ. मग कोरसमध्ये प्रत्येक शब्द कळतो का ते पाहावे, आणि शेवटी एखादे भाषण किंवा त्रिशरण-पंचशील लावावे. जुन्या कॅसेटवरून उतरवलेल्या गाण्यांत मुळात बेस थोडाच असतो, म्हणून एक नवे गाणेही लावून बघावे.

वायरची घ्यावी की ब्लूटूथची? आमचा कौल वायरला, मोबाईलला भोक असेल तर. वायर तुटली तर नाक्यावरचा कारागीर डाग देऊन देतो, ब्लूटूथच्या चिमुकल्या बॅटरीने मान टाकली की बहुधा सगळी जोडीच टाकावी लागते. ब्लूटूथची घेतलीच तर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह व नोंदणी क्रमांक पाहावा. फूटपाथवर दीडशे रुपयांत मोठ्या कंपनीचे नाव मिळते, माल मिळत नाही. पक्के बिल घ्यावेच. दुकानदार वॉरंटी नाकारू लागला तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करायला फी लागत नाही.

भगवंतांनी सोण भिक्खूला वीणेचा दाखला दिला होता. तार फार ताणली तरी वीणा वाजत नाही, फार सैल सोडली तरी वाजत नाही. आवाजाच्या बटणालाही हे लागू आहे.

आपल्या मागच्या पिढीतले कितीतरी लोक गिरणीत, रेल्वेच्या वर्कशॉपात राबले आणि पन्नाशीतच त्यांना कमी ऐकू येऊ लागले. ते पोटासाठी होते. कारखान्याला निदान नियम आहे, आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा. पोराच्या कानातल्या यंत्रावर कोणी इन्स्पेक्टर नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ठीक, ९० डेसिबल झाला तर फक्त चार तास. आवाज मोबाईलच्या ६० टक्क्यांच्या आत ठेवावा. लोकलमध्ये खडखडाटावर मात करायला तो वाढवला जातो, म्हणून कान नीट बंद करणारी जोडी तिथे उपयोगाची. रूळ किंवा रस्ता ओलांडताना मात्र ती कानातून काढावीच.

गाणे बंद केल्यावर कानात शिट्टी वाजत राहत असेल, घरातले बोलणे पुन्हा पुन्हा विचारावे लागत असेल, तर आई-बाबांनी मुलाला थेट सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात न्यावे. मुंबईकरांसाठी वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, तिथे श्रवणचाचणी होते. आतल्या कानातल्या बारीक पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, तेव्हा परीक्षा होऊ दे, मग बघू, असे करू नये.